पोरगी कोणाबरोबर गेली?

डिसेंबर २०२२. नागपुरात अधिवेशन चालू होतं, रस्ते जागोजागी बंद, त्यामुळे शाळेची बस आमच्या दारात तासभर उशिरा लागली. दुसरीतली ५२ मुलं आणि तीन शिक्षिका. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात आमचं छोटंसं संग्रहालय आहे. एक ट्रस्ट ते चालवतो आणि मी तिथं शिक्षण विभाग बघते. शिक्षण विभाग म्हणजे मी आणि सुट्टीच्या दिवशी येणारे पाच-सहा स्वयंसेवक. नाणी, शस्त्रं, जुनी भांडी आणि आमचा सगळ्यांचा लाडका हातमाग, एवढाच पसारा. मुलं हातमागाशी आली की तिथून हलत नाहीत. धोटा इकडून तिकडे सटकन जातो ना, तो बघताना त्यांचे डोळेही तसेच जातात.

त्या दिवशी बसमध्ये चढताना शिक्षिकेनं डोकी मोजली. ५१ भरली. पुन्हा मोजली, पुन्हा ५१.

पुढची ४० मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. शस्त्रांचं दालन, माडी, मागचं अंगण, स्वच्छतागृह, विहिरीची जाळी. विहिरीच्या जाळीवर मी दोनदा हात दाबून बघितला. शेवटी शिक्षिकेनं धीर करून मुलीच्या घरी फोन लावला, तर आई शांतपणे म्हणाली, ‘हो, तिच्या काकांनी आणलं ना तिला. ते तिकडंच कामाला आले होते.’ काकांनी गेटवर सांगितलं, ‘मी तिचा काका, नेतो हिला.’ मुलगीही हसत त्यांच्याकडे धावली. आमच्या चौकीदार भाऊंनी गेट उघडून दिलं.

सगळे एकदम म्हणाले, ‘चला, काही झालं नाही ना, देव पावला.’ शिक्षिका रडली, पाणी प्यायली, बस गेली. आम्ही कुलूप लावून घरी गेलो. मला झोप लागली नाही. काका खरे होते हा त्या मुलीचा योग. आमच्या गेटवर मात्र कोणीही येऊन ‘मी काका’ म्हटलं असतं, तरी गेट तसंच उघडलं असतं. यात भाऊंचा दोष नव्हता. बारा वर्षांत आम्ही त्यांना वस्तूंना कोणी हात लावू नये हे हजार वेळा सांगितलं होतं. पोरगी कोणाच्या हाती द्यायची, हे एकदाही सांगितलं नव्हतं.

लहानपणी वडिलांचं बोट धरून मी अजब बंगल्यात जायचे. १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, नागपूरकरांसाठी अजब बंगलाच. पेंढा भरलेले प्राणी बघताना माझं बोट सुटायचं आणि वडिलांचा आवाज यायचा, ‘मी इथंच आहे.’ मूल शाळेतून येतं तेव्हा ते ‘मी इथंच आहे’ म्हणण्याचं काम आपल्याकडे येतं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टकडे लेखी मागणी केली की आपल्याला बालसंरक्षणाचं धोरण हवं. त्यात परावलंबी प्रौढांचाही विचार हवा, कारण आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचे गट येतात, अंध विद्यार्थी येतात, विशेष शाळांतून बाहेर पडलेले तिशीतले तरुण येतात. बैठकीत पहिली प्रतिक्रिया आली, ‘आपण शाळा थोडीच आहोत?’ मग मी पोक्सोचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचे, २०२० चे नियम वाचून दाखवले. ज्या संस्थेचा मुलांशी नियमित संबंध येतो, तिनं प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो की कंत्राटी, ठरावीक काळानं पोलीस पडताळणी करून घ्यायची आणि त्यांना प्रशिक्षण द्यायचं. नियमात शाळा आणि पाळणाघरांसोबत मुलांसाठीच्या इतर सुविधाही येतात. वर्षाला शंभराच्या वर सहली घेणारं संग्रहालय यातून आपलं अंग काढून घेऊ शकत नाही, असं माझं मत आजही ठाम आहे.

पडताळणीचा विषय निघाला आणि माणसं दुखावली. आमच्या एक ज्येष्ठ स्वयंसेविका ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, ‘आता माझ्या चारित्र्याचा दाखला पोलीस देणार का?’ त्यांचं वाईट वाटणं मला पटत होतं. त्या कागदाचं नावच ‘चारित्र्य पडताळणी’ आहे, कोणालाही लागेल असंच. तोडगा अध्यक्षांनी काढला. त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा अर्ज भरला, मग विश्वस्तांचे, मग माझा, मग बाकीच्यांचे. वरून सुरुवात झाल्यावर कोणी तोंड वाकडं केलं नाही. बाई स्वतः मला म्हणाल्या, ‘आण तो अर्ज, फोटोची साइज सांग.’

पण त्या कागदावर किती भरवसा ठेवायचा, हेही आम्ही बोलून घेतलं. पोलिसांत नोंद नाही एवढंच तो कागद सांगतो. म्हणून दुसरा नियम केला. कोणीही मोठं माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद जागेत एकटं राहणार नाही. दार उघडं, किंवा दुसरं माणूस नजरेच्या टप्प्यात. हा नियम मलाही, अध्यक्षांनाही.

मग मी एक सोमवार घेतला. सोमवारी आम्ही बंद असतो. पांढरा खडू घेतला, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या सात वर्षांच्या नातीला बरोबर घेतलं आणि वाडा फिरले. ती जिथं उभी राहिली तर मला दिसत नाही, तिथं फरशीवर फुली. मावशी दाराशी, मी जिन्याशी, नात मोकळी. तासाभरात ११ फुल्या झाल्या. शस्त्रांच्या दालनाच्या उघड्या दारामागे एक पूर्ण माणूस मावतो, हे त्या वाड्यात एवढी वर्षं काढून मला माहीत नव्हतं. मागच्या स्वच्छतागृहाची कडी इतकी वर होती की नातीला ती लावताच येईना. ती म्हणाली, ‘मग मी कोनाले तरी दार धराले सांगते.’ मुली दार धरायला कोणाला सांगत असतील? तिथंच उभी राहून मी सुताराला फोन केला. कडी खाली आली, अंगणात दिवा लागला, दालनाचं दार भिंतीला हूक लावून कायमचं उघडं केलं, दोन कोपऱ्यांत गोल आरसे लावले. सगळा खर्च एका नव्या काचपेटीपेक्षा कमी आला.

फोटोंची गोष्ट थोडक्यात सांगते. आमच्या फेसबुक पानावर गणवेशातल्या मुलांचे चेहरे, शाळेचा बिल्ला, काही फोटोंत गळ्यातल्या नावाच्या पट्ट्याही होत्या. कोणतं मूल कोणत्या शाळेत जातं आणि त्याचं नाव काय, हे आम्हीच जगाला सांगत होतो. ते सगळे फोटो काढून टाकले. आता फोटो घेतले तर हातांचे, पाठमोरे, आणि तेही पालकांची लेखी संमती असेल तरच.

हरवलेल्या मुलाचं काय करायचं, हेही लिहून काढलं. मूल दिसेना झालं की आधी गेट बंद, मग शोध. कोण कुठं बघणार हे ठरलेलं. माइकवरून मुलाचं नाव पुकारायचं नाही, कारण नाव कळलं की कोणीही त्याला त्या नावानं हाक मारू शकतो. एखादं मूल एकटंच सापडलं आणि त्याचं कोणीच मिळालं नाही, तर बालन्याय कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत १०९८ या बालमदत क्रमांकाला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवणं बंधनकारक आहे. आम्ही आमच्यासाठी ती मर्यादा अर्ध्या तासाची केली. आणि गेटवर एक वही ठेवली, निळ्या पुठ्ठ्याची. मूल कोणाबरोबर आलं, कोणाबरोबर जाणार, त्याचा फोन, ओळखपत्र, सही. वहीत नाव नसेल तर सख्खा बाप असला तरी शिक्षिकेला बोलावल्याशिवाय गेट उघडायचं नाही. भाऊ ही वही इतक्या निष्ठेनं सांभाळू लागले की जेवायला जाताना ती मावशींच्या हातात देऊन जायचे.

प्रौढांच्या बाबतीत मी जास्त चुकले. मुलांचे सगळे नियम तसेच उचलून त्यांना लावायला निघाले होते. स्पर्शदालनाच्या पहिल्या फेरीत एका अंध तरुणाचा हात धरून मी पितळी अडकित्त्यावर नेऊन ठेवला. त्यानं हात हळूच सोडवून घेतला. म्हणाला, ‘मॅडम, माझा हात ओढू नका. तुमचा कोपर द्या, मी धरतो. वस्तू कुठं आहे ते सांगा, मी शोधतो.’ तोपर्यंत त्याच्याबद्दलचे सगळे प्रश्न मी त्याच्यासोबत आलेल्या भावाला विचारत होते, हेही मला तेव्हाच उमगलं. पुढचं प्रशिक्षण आम्ही त्याच्याकडूनच घेतलं, रीतसर मानधन देऊन.

दुसरे एक आजोबा. ज्येष्ठांच्या गटातून मागे राहिले आणि नाण्यांच्या दालनात पायरीवर बसून होते. घर कुठं विचारलं तर म्हणाले, ‘बर्डीवर दुकान उघडायचं आहे, उशीर झाला.’ दुकान बंद होऊन २० वर्षं झाली होती, हे नंतर मुलाकडून कळलं. मावशी त्यांच्याशेजारी बसल्या, दुकानात काय काय मिळायचं ते विचारत राहिल्या, आणि तेवढ्यात आम्ही गटप्रमुखांना शोधलं. ‘दुकान कधीच बंद झालं’ असं त्यांना सांगायची काहीच गरज नव्हती. त्यानंतर गटाच्या अर्जात आम्ही एक ओळ घातली, ‘कोणाला विसरण्याचा त्रास आहे का?’, आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक तिकीट खिडकीत आतून चिकटवला.

कायदाही इथं फरक करतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसं होईल अशी धास्ती वाटली, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, त्यात आपली मर्जी चालत नाही. अपंग प्रौढाचा छळ होत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. पण तो प्रौढ आहे. त्याला काय हवं, हे आधी त्याला विचारायचं.

प्रशिक्षणात आम्ही प्रसंग करून बघितले. एकानं मूल व्हायचं आणि काहीतरी सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. एकूण एक माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘सांग बेटा, मी कोणाला सांगणार नाही.’ माझ्याही. हे वाक्य मोडायला तीन बैठका लागल्या. मुलाला हे वचन दिलं आणि मग ते मोडलं, तर पुढं ते कोणावर विश्वास ठेवेल? त्याऐवजी ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच मी सांगेन’ असं म्हणायचं. खोदून विचारायचं नाही. ‘त्यानं असं केलं का?’ असे शब्द मुलाच्या तोंडी घालायचे नाहीत. ऐकून झालं की ज्यानं ऐकलं त्यानंच लगेच लिहायचं, मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ आणि सही. मावशी सगळ्या बैठकांना भिंतीला टेकून बसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. मला वाटायचं, लिहिण्याच्या भागाला त्या बिचकत असतील.

मे २०२४ मध्ये हातमागाचं उन्हाळी शिबिर होतं. इथून पुढं मी दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेले आहेत आणि बरंच काही सांगणारही नाही. ज्या मुलीची गोष्ट आहे, ती कोणालाही ओळखू येता कामा नये. हे कायद्यानं बंधनकारक आहेच, पण तसं नसतं तरी मी हेच केलं असतं.

चारच्या सुमारास मुलं नाश्ता करत होती. बाहेर ४४ अंशांचं ऊन, कूलरचा घरघराट. एक मुलगी माठाजवळ मावशींपाशी उभी होती. थोड्या वेळानं मावशी माझ्याकडे आल्या आणि कूलरच्या आवाजाआड एवढंच म्हणाल्या, ‘म्याडम, वही द्या मले. निळी नाही, दुसरी.’ मुलांनी सांगितलेलं लिहायला आम्ही एक दुसरी वही कुलपात ठेवली होती. तोवर ती कोरीच होती.

त्या कार्यालयात बसल्या आणि लिहू लागल्या. एकेक अक्षर कोरून, ओठ हलवत. मी दाराशी उभी होते, मदत करते म्हणाले नाही. १५ मिनिटांत सहा ओळी झाल्या. पहिल्या तीन अशा होत्या:

‘पोरगी म्हणे मले त्या आटोवाल्या काकासंग जायाचं नाही. मी म्हटलं काऊन. थे म्हणे सगळे उतरले का थो मले समोर बसवते.’

बाकीच्या तीन मी इथं देत नाही. खाली तारीख, ४ वाजून ५० मिनिटं, आणि मावशींची सही.

ऑटो पाच वाजता यायचा. मी धावत गेटवर गेले आणि निळी वही उघडली. ‘कोणाबरोबर जाणार’ या रकान्यात आईच्या सहीनं त्याच ऑटोवाल्याचं नाव, फोन आणि ओळखपत्राचा क्रमांक होता. त्या दिवशी मावशी माठाजवळ नसत्या, तर भाऊंनी ओळखपत्र ताडून, सही घेऊन, आमचे सगळे नियम पाळून त्या मुलीला त्याच्या हाती दिलं असतं. ती वही मी केली होती. डिसेंबरातल्या त्या ४० मिनिटांतून निघालेली ती वही, आणि तिच्यात मुलीला काय वाटतं हे विचारायला एकही रकाना नव्हता. मला गेटजवळच्या बाकावर बसावं लागलं.

मग सुचेल तसं नाही, ठरल्याप्रमाणे केलं. मुलीला विचारलं, ‘घरी कोणाला बोलावू?’ ती म्हणाली, ‘आईला.’ आईला फोन करून एवढंच सांगितलं की मुलगी सुखरूप आहे, तुम्ही स्वतः या. त्याच ऑटोतून आणखी चार मुलं जायची. त्यांच्याही घरी फोन करून पालकांना यायला सांगितलं, कारण न सांगता. ऑटोवाला आला तेव्हा भाऊ नेहमीच्याच आवाजात म्हणाले, ‘आज सगळ्यांच्या आया येऊन राह्यल्या, तुम्ही जा.’ त्याला काही विचारणं, दरडावणं, हे आमचं काम नव्हतं. भाऊंची मूठ वळलेली मी पाहिली. ती त्यांनी पाठीमागेच ठेवली.

एका विश्वस्तांचा फोन आला. म्हणाले, ‘आधी आपण खात्री करून घेऊ, संस्थेचं नाव...’ मी त्यांना म्हटलं, खात्री करणं पोलिसांचं काम आहे, आपलं काम कळवणं. संस्थेच्या प्रमुखानं कर्मचाऱ्याबाबतचा असा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत कैद आहे, आणि जाणूनबुजून न कळवणाऱ्या इतर कोणालाही सहा महिन्यांपर्यंत. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मी गाडी घेऊन येतो, तुम्ही एकट्या ठाण्यात जाऊ नका.’

१०९८ ला फोन झाला. ठाण्यात मी माहिती दिली, ती लिहून घेतली गेली, मला वाचून दाखवली, तिला नोंद क्रमांक पडला. मुलीला ठाण्यात यावं लागलं नाही. तिचा जबाब दुसऱ्या दिवशी तिच्या घरी झाला, आई जवळ बसलेली आणि महिला अधिकारी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. पोक्सोत तसंच सांगितलं आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, तेही झालं. मावशींची वही त्या अधिकारी बाईंनी दोनदा वाचली आणि विचारलं, ‘हे कोणी लिहिलं?’ मावशी पदर सावरत पुढं झाल्या. ‘मी. पण तिले मी जास्त काही इचारलं नाही जी. काऊन एवढंच म्हटलं. ते सांगून राह्यली होती, मी ऐकून राह्यली होती. कोनाले सांगणार नाही, असंबी नाही म्हटलं.’

प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे पुढचं लिहीत नाही.

जूनच्या बैठकीत त्याच विश्वस्तांनी निळी वही मागून घेतली. पट्टी ठेवून त्यांनी स्वतः प्रत्येक पानावर एक नवा रकाना आखला, जवळजवळ ८० पानं, दुपारभर. पण मथळा काय द्यायचा ते सुचेना. मुलाला गेटवर, सगळ्यांसमोर, नेणाऱ्याच्या देखत काही विचारून उपयोग नाही, हे आमच्या त्या ज्येष्ठ स्वयंसेविका बाईंनी लक्षात आणून दिलं. मग ठरलं की विचारायचं आत, नाश्त्याच्या वेळी, सहज बोलता बोलता, रोज आणि प्रत्येकाला. आता शिबिराला मुलं आली की मावशी माठाजवळ पाट टाकून बसतात. हातात भेळेचा डबा असतो. ‘आज घरी कोनासंग जातं? बरं वाटते का त्याच्यासंग?’ एवढंच त्या विचारतात आणि संध्याकाळी गेट उघडायच्या आधी भाऊंकडे जाऊन, त्या बिनमथळ्याच्या रकान्यात, प्रत्येक नावापुढं स्वतःच्या हातानं बरोबरची खूण करतात. ज्या नावापुढं खूण नाही, ते मूल आत माझ्याजवळ थांबतं.